अहवाल ‘स्वच्छ’, मग शेळ्या का वाळतात?

प्रश्न : आमची शेती संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या कालव्याला लागून आहे. घरी १८ शेळ्या, एक होल्स्टिन संकरित गाय आणि मुलाने हौसेने पाळलेले १० लव्हबर्ड होते. गौरी-गणपतीपासून शेळ्या वाळत चालल्या आहेत. दोघींच्या जबड्याखाली संध्याकाळी पाण्याची पिशवी लोंबते, सकाळी ती दिसत नाही. काहींना पातळ, घाण वासाची हगवण आहे. दोन शेळ्या दगावल्या. मेडिकलमधून आणलेले जंताचे औषध महिन्यात दोनदा पाजले, मग पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शने झाली. शेवटी, म्हणजे दुसऱ्या मात्रेनंतर आठव्या दिवशी, वाड्यातल्या लेंड्या गोळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी शहराला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर तपासायला पाठवल्या, तर ‘जंतांची अंडी आढळली नाहीत’ असा अहवाल आला. गाईच्या एका सडातून दुधाच्या गाठी येतात आणि सडात औषधाच्या दोन ट्यूब सोडूनही फरक नाही. लव्हबर्डांच्या कपाळावर बारीक रेघा आणि नाकाशी निळा पट्टा आहे; ते दिवसभर दाण्याच्या वाटीवर असतात, तरी छातीचे हाड हाताला टोचते. चार मेले, पाण्यात पावडर टाकूनही मरतूक थांबली नाही. अहवाल स्वच्छ आणि जनावरे आजारी, तर विश्वास कशावर ठेवायचा आणि तपासणीसाठी कुठे जावे? आणि मुलगा पक्ष्यांची नवी जोडी आणायची म्हणतो, ती आणावी का?
– एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील घटनांचा क्रम मी दोनदा वाचला. आधी औषध दोनदा पाजले गेले, मग इंजेक्शने झाली आणि लेंड्या सर्वांत शेवटी तपासायला गेल्या. हा क्रम नेमका उलटा झाला आहे आणि ‘स्वच्छ’ अहवालाचे अर्धे कारण त्यातच दडलेले आहे. प्रयोगशाळेने चुकीचे लिहिले असेल असे मला वाटत नाही. या लेंड्यांत, या पद्धतीने, आज अंडी दिसतात का, एवढेच तिला विचारले गेले होते आणि तिने ‘नाही’ असे उत्तर दिले. शेळ्या का वाळत आहेत, हा आपला खरा प्रश्न त्या पिशवीतून तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

जंतनाशकाने जंत मेले नाहीत, तरी माद्यांचे अंडी घालणे काही दिवस थांबते किंवा मंदावते. त्यामुळे मात्रेनंतर आठव्या दिवशी केलेल्या तपासणीवरून जंत गेले असे म्हणता येत नाही आणि ते नव्हतेच असेही म्हणता येत नाही. त्यात लेंड्या रात्रभर जमिनीवर पडलेल्या, १६ शेळ्यांच्या एकत्र केलेल्या, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शहराला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या. पावसाळा सरतानाच्या उकाड्यात गोल जंतांची अंडी एका दिवसात उबू लागतात, अळी अंड्यातून बाहेर पडते आणि अंडी शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जमिनीवरून उचललेल्या नमुन्याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गोठ्यातील खोकणाऱ्या वासरांचे शेण मी सकाळी जमिनीवरून उचलून आणले, सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या अळ्या पाहून फुप्फुसातील जंत असे निदान ठोकले आणि सगळ्या वासरांना औषध पाजून मोकळा झालो. वरिष्ठांनी तीच स्लाइड पाहिली आणि फक्त ‘शेण कुठून घेतले?’ असे विचारले. त्या अळ्या मातीत राहणाऱ्या निरुपद्रवी कृमींच्या होत्या आणि रात्रीतून शेणात शिरल्या होत्या.

आता पद्धतीविषयी. लेंड्या तपासण्याच्या रूढ पद्धतीत थोडी लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात, गाळतात, नळी काठोकाठ भरतात आणि तोंडावर काचेची पातळ चकती ठेवतात. गोल जंतांची अंडी हलकी असल्यामुळे ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. यकृतातील पर्णकृमी आणि कोठीपोटातील अँफिस्टोम नावाचे चपटे कृमी यांची अंडी मात्र जड असतात आणि तळाशीच राहतात. आपल्या अहवालावर ‘फ्लोटेशन’, म्हणजे ही तरंगवण्याची पद्धत, एवढाच शब्द असेल, तर चपट्या कृमींसाठी तपासणी झालेलीच नाही असे समजावे. त्यासाठी गाळ बसवण्याची पद्धत लागते आणि ती इतकी साधी आहे की तालुक्याच्या दवाखान्यातही सहज होते. चमचाभर लेंडी पाण्यात पूर्ण विरघळवून चहाच्या गाळणीतून उंच भांड्यात गाळायची, पाच-सात मिनिटे स्थिर ठेवायची, वरचे पाणी अलगद ओतून द्यायचे, पुन्हा पाणी घालायचे, आणि वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत हे तीन-चार वेळा करायचे. तळाला उरलेल्या गाळात मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाकला की काडीकचरा निळा होतो आणि त्या निळ्या पसाऱ्यात पर्णकृमीचे अंडे सोनेरी पिवळे, तर अँफिस्टोमचे अंडे काचेसारखे रंगहीन असे उठून दिसते. एकदा पाहिले की ते पुन्हा ओळखायला चुकत नाही.

चपट्या कृमींचा मी एवढा आग्रह धरतो, कारण आपण कालव्याकाठी राहता. या दोन्ही कृमींचे अर्धे आयुष्य पाण्यातल्या गोगलगायींच्या पोटात जाते. पावसाळ्यात कालव्याच्या चाऱ्या आणि डबकी भरतात, गोगलगायी वाढतात, आणि पाणी ओसरू लागले की काठच्या हिरव्या गवताला कृमींची सूक्ष्म पुटे चिकटून राहतात. आश्विन-कार्तिकात शेळ्या नेमक्या त्याच गवताला तोंड लावतात. यात आणखी एक अडचण आहे. अँफिस्टोमची पिल्ले कोठीपोटात पोहोचण्यापूर्वी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून आतड्याचे अस्तर ओरबाडतात, आणि घाण वासाची पाण्यासारखी हगवण व्हायची ती याच काळात होते. पिल्ले अंडी घालत नाहीत. म्हणजे आजार ऐन भरात असताना गाळाची तपासणीही कोरी येऊ शकते. अशा वेळी पातळ हगवण बारीक गाळणीवर धुऊन पाहावी. भाताच्या कणीपेक्षाही लहान, फिकट गुलाबी दाण्यांसारखी पिल्ले कधी कधी नुसत्या डोळ्यांना दिसतात.

जबड्याखालच्या सुजेचे वर्णन आपण फार बारकाईने केले आहे, त्याबद्दल आपले कौतुक वाटते. रक्तातील प्रथिने घटली की रक्तातले पाणी ऊतींत पाझरते. दिवसभर मान खाली घालून चरताना ते जबड्याखाली उतरते आणि रात्री शेळी मान वर करून रवंथ करत बसली की ओसरते. पर्णकृमींमुळे असे होते आणि चौथ्या पोटात राहून रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या गोल जंतामुळेही होते. हा जंत दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. मादीच्या रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढरा गर्भाशय पिळासारखा गुंडाळलेला असल्यामुळे ती लाल-पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. ५,००० जंत असतील तर रोज पाव लिटर रक्त गेले. ३० किलोच्या शेळीच्या अंगात सगळे मिळून दोन लिटरांच्या आसपासच रक्त असते. एकट्या हिमॉन्कसने सहसा हगवण होत नाही, उलट लेंड्या चांगल्या बांधलेल्या असतात आणि शेळी अंगावर मांस दिसत असतानाही दगावते. आपल्या वाड्यात सूजही आहे आणि हगवणही आहे, म्हणून माझी शंका अशी, की येथे गोल आणि चपटे असे दोन्ही जंत एकाच वेळी असावेत. ही शंका आहे, निदान नव्हे. निदान नमुन्यावरूनच होईल.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी एक तपासणी आपण उद्या सकाळी स्वतः करू शकता. शेळीला उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, धरावे, वरची पापणी अंगठ्याने डोळ्यावर हलकेच दाबावी आणि खालची पापणी ओढून आतल्या अस्तराचा रंग पाहावा. दक्षिण आफ्रिकेत फ्रान्स्वा ऊर्फ ‘फाफा’ मालन या पशुवैद्यकाने मेंढ्यांसाठी यावर पाच रंगछटांचा तक्ता तयार केला आणि ‘फाफा मालन चार्ट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो ‘फामाचा’ म्हणून जगभर ओळखला जातो. लालबुंद अस्तराला १ आणि कागदासारख्या पांढऱ्याला ५. शेळ्यांच्या बाबतीत ३ पासूनच सावध व्हावे. प्रत्येक शेळीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. आपल्या १६ शेळ्यांपैकी बहुतेक जंत मोजक्या चार-पाच शेळ्यांच्या पोटात असण्याचा संभव मोठा आहे, आणि नमुना त्याच शेळ्यांचा जायला हवा. मात्र पापणी पांढरी पडणे म्हणजे रक्त कमी होणे, एवढेच त्यातून कळते. ते जंतांनी प्यायले, गोचिडांनी प्यायले की रक्तातल्या एखाद्या परजीवीने पेशी फोडल्या, हे पापणी सांगत नाही.

नमुना कसा घ्यावा, हे सविस्तर लिहितो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. हातमोजा घालून एका बोटाला साबणाचे पाणी लावावे, शेळीच्या गुदद्वारातून हलकेच आठ-दहा लेंड्या काढाव्यात आणि लहान स्वच्छ डबीत दाबून काठोकाठ भराव्यात, म्हणजे आत हवा राहत नाही. डबीवर शेळीची खूण, वय, तारीख आणि शेवटचे औषध कधी व कोणते दिले ते लिहावे. ही शेवटची नोंद लोक हमखास गाळतात. डब्या बर्फाच्या थर्मासात ठेवाव्यात, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नयेत आणि फ्रीजरमध्ये तर कधीच ठेवू नयेत, कारण गोठलेली अंडी फुटतात. वाळलेल्या चार शेळ्या, सूज असलेल्या दोन्ही आणि तुलनेसाठी एक धष्टपुष्ट शेळी, असे सात स्वतंत्र नमुने मी पाठवले असते. करडे असतील तर त्यांचे वेगळे पाठवावेत.

अंडी मोजून द्या, असे आवर्जून सांगावे. मॅकमास्टर नावाच्या आखलेल्या काचेत मोजलेली अंडी पद्धतीप्रमाणे ५० किंवा १०० ने गुणून ‘ग्रॅमला इतकी’ असा आकडा मिळतो. म्हणजे काचेत एकही अंडे दिसले नाही तरी त्याचा अर्थ ‘ग्रॅमला ५० पेक्षा कमी’ एवढाच होतो, शून्य नव्हे. याउलट चूकही तितकीच घडते. करडांच्या लेंड्यांत कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीची थोडी पुटे जवळजवळ नेहमीच सापडतात, ती पाहून निरोगी करडांना आठ-आठ दिवस सल्फाची औषधे पाजणारे मी पाहिले आहेत. हगवण, रक्त, वाढ खुंटणे यांपैकी काही असेल आणि पुटांची संख्या मोठी असेल, तरच त्या अहवालाला महत्त्व द्यावे.

दोनदा औषध पाजून फरक का पडला नाही, याचे उत्तरही याच मोजणीतून मिळते. औषध देण्याच्या दिवशी अंडी मोजावीत आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजावीत. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर जंत त्या औषधाला सरावले असा संशय घ्यावा. त्याआधी मात्र मात्रा पुरेशी होती का, हे पाहायला हवे. वजन अंदाजाने धरून सगळ्यांना एकच झाकण पाजले जाते आणि मोठ्या शेळीला औषध अपुरे पडते. शिवाय आपण पाजलेले औषध अल्बेंडाझोल असेल तर ते चपट्या कृमींच्या पिल्लांवर चालत नाही, आणि गाभण शेळीला पहिल्या महिना-दीड महिन्यात ते दिल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो. म्हणून तिसरे औषध कोणते, हा प्रश्न नमुन्यांचे निष्कर्ष हाती आल्यावर आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाच विचारावा. येथे नाव लिहिले तर ते उद्या तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात मागितले जाईल, याचा मला अनुभव आहे.

ज्या दोन शेळ्या दगावल्या त्यांचे शवविच्छेदन झाले असते, तर कदाचित हे पत्र लिहायची वेळ आली नसती. चौथे पोट उघडून कोमट पाण्यात खळबळले की हिमॉन्कस डोळ्यांना दिसतात, यकृत चिरल्यावर पित्तनलिकांतून पानासारखे कृमी बाहेर येतात, आणि हे सगळे अर्ध्या तासात, एका पैशाच्या रसायनाशिवाय होते. पुढे दुर्दैवाने अशी वेळ आलीच, तर पुरण्याची घाई न करता डॉक्टरांना चार-सहा तासांच्या आत बोलवावे. याला एकच अपवाद आहे आणि तो कडक आहे. जनावर काही लक्षणे न दाखवता अचानक मेले असेल, पोट भराभर फुगले असेल आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय धरून त्या प्रेताला सुरी लावू नये आणि कातडेही काढू नये. हवा लागली की या जिवाणूचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत कित्येक वर्षे टिकतात. अशा वेळी डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त स्लाइडवर घेतात आणि निदानाला तेवढे पुरते.

गाईच्या सडाकडे वळतो. येथे आजार जिवाणूंचा असला तरी चूक त्याच जातीची झाली आहे. कासदाह स्टॅफिलोकोकसमुळे झाला, स्ट्रेप्टोकोकसमुळे झाला की शेणातल्या ई. कोलायमुळे झाला, हे गाठींकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही, आणि प्रत्येकाला लागू पडणारे औषध वेगळे असते. दूध संवर्धनासाठी, म्हणजे त्यातले जिवाणू बशीत वाढवून पाहण्यासाठी, पाठवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या, की कोणत्या चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत ते तीन-चार दिवसांत समजते. पण ट्यूब सोडल्यानंतर लगेच घेतलेल्या दुधात औषधाचा अंश असतो आणि जिवाणू कासेत जिवंत असूनही बशीत उगवत नाहीत. म्हणून शेवटच्या ट्यूबनंतर किती दिवस थांबून नमुना घ्यायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. दरम्यान चारही सडांची सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, करून घ्यावी. १९५७ पासून वापरात असलेल्या या चाचणीत दुधात एक साबणी द्रावण मिसळून पसरट वाटी गोल फिरवतात. सुजेमुळे दुधात उतरलेल्या पांढऱ्या पेशी त्या द्रावणाने फुटतात आणि दूध शेंबडासारखे घट्ट होते. वरून निरोगी दिसणाऱ्या एखाद्या सडाचे दूधही असे घट्ट झालेले पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

दुधाचा नमुना घेताना सड धुऊन पूर्ण कोरडा करावा, ओल्या सडावरून ओघळणारा एक थेंबसुद्धा सगळा निकाल बिघडवतो. मग सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, बोळा मळेनासा होईपर्यंत दुसरा घ्यावा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात आणि दवाखान्यातून आणलेल्या निर्जंतुक बाटलीचे झाकण हातातच धरून, बाटली आडवी ठेवून, पाच-दहा मिलिलिटर दूध घ्यावे. अहवालात तीन किंवा अधिक प्रकारचे जिवाणू आल्याचे लिहिले असेल, तर तो कासेचा अहवाल नसून गोठ्याचा आहे असे समजून नमुना नव्याने घ्यावा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा तर लपंडाव खेळणारा जिवाणू आहे, तो दुधातून रोज बाहेर पडत नाही. एक अहवाल कोरा आला तर आठवड्याने दुसरा करावा. गाठींचे आणि ट्यूब चालू असतानाचे दूध डेअरीला घालू नये, हे आपण जाणताच.

गाईच्या अंगावर गोचीड असतील आणि कधी ताप १०४ अंशांच्या वर गेला, तर कासेवर थांबू नये. संकरित गाईंत थायलेरियाचा, म्हणजे गोचिडांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीचा, संशय लगेच घ्यावा लागतो आणि त्यासाठी इंजेक्शनाआधी कानाच्या टोकाच्या रक्ताची पातळ स्लाइड काढावी लागते.

राहिले पक्षी. आधी नावाचा घोळ निस्तरतो. आपल्याकडच्या दुकानांत ‘लव्हबर्ड’ म्हणून जे विकले जातात, ते बहुतेक वेळा बजरिगार, म्हणजे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि अंगाने जाडसर. आपण पाठवलेल्या वर्णनातील कपाळावरच्या बारीक रेघा आणि नाकाशी असलेला निळा पट्टा पाहता आपले पक्षी बजरिगारच आहेत. प्रयोगशाळेला हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण दाण्याच्या वाटीवर बसून राहणारा आणि तरीही वाळत जाणारा बजरिगार म्हटले, की एक विशिष्ट आजार चटकन डोळ्यांसमोर येतो. त्याचे कारण मॅक्रोरॅब्डस नावाचा एक सूक्ष्मजीव. पक्ष्याची दोन जठरे जेथे जोडली जातात, त्या अरुंद भागात तो ठाण मांडतो, दाणे पचत नाहीत, काही दाणे विष्ठेतून अख्खे पडतात, काही पक्षी ते ओकतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो लांब, सरळ काड्यांसारखा दिसतो, म्हणून अनेक वर्षे त्याला ‘मेगाबॅक्टेरिया’ म्हणत आणि अँटिबायोटिके देत राहिले. पुढे २००३ मध्ये तो जिवाणू नसून यीस्टच्या वर्गातील बुरशी असल्याचे सिद्ध झाले आणि त्याला सध्याचे नाव मिळाले. अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बुरशीवरचे अँफोटेरिसिन-बी लागते. आपली पाण्यातली पावडर का चालली नसावी, याचे हे एक शक्य कारण आहे. दुसरे कारण आणखी साधे आहे. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे पाण्यातून नेमकी मात्रा त्याच्या पोटात कधीच जात नाही.

पण येथेही निदान विष्ठेवरूनच व्हावे. पिंजऱ्याच्या तळाशी रात्री स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि सकाळची ताजी विष्ठा तपासायला द्यावी. पक्ष्यांच्या विष्ठेचे तीन भाग वेगळे पाहायला शिकावे: मधली हिरवट वेटोळी म्हणजे मळ, पांढरा चुना म्हणजे युरेट आणि भोवतीचे पाणी म्हणजे मूत्र. केवळ पाणी वाढले तर त्याला हगवण म्हणत नाहीत. मॅक्रोरॅब्डस आणि जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, दोन्ही रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून एका दिवसाच्या कोऱ्या अहवालावर न थांबता तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावेत. पक्षी ओकत असतील तर अन्नपिशवीतील ट्रायकोमोनासही तपासावा लागतो, आणि त्यासाठी पक्षीच दवाखान्यात न्यावा. तो परजीवी कोमट सलाइनमध्ये पोहताना ओळखला जातो. बर्फात ठेवून पाठवला तर मेलेला पोहोचतो आणि कोणालाच दिसत नाही. लेंड्यांना बर्फ आणि याला ऊब, हे लक्षात ठेवावे लागते.

युरेटचा चुना पांढऱ्याऐवजी पोपटी-हिरवा दिसत असेल, डोळे पाणावत असतील, पक्षी पिसे फुगवून बसत असतील, तर सिटॅकोसिसची तपासणी वेगळी मागावी. त्याचा जिवाणू क्लॅमिडिया पेशींच्या आत राहतो, नेहमीच्या संवर्धनात तो उगवतच नाही, म्हणून टाळू आणि गुदमार्गाच्या बोळ्यांवर पीसीआर करावे लागते. हा आजार माणसांना होतो आणि न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. पिंजरा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडून, मास्क लावून साफ करावा. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला असेल, तर घरात आजारी पक्षी आहेत हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. नवीन मेलेला पक्षी पिशवीत घालून, आणखी एका बंद डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोहोचवावा.

कुठे जावे, हेही आपण विचारले आहे. सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयापासून करावी. जनावर नेणे शक्य नसेल तर १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक आहे. संवर्धन आणि पीसीआरसारख्या तपासण्यांसाठी तेथूनच नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात, आणि डॉक्टरांच्या पत्रासह गेलेल्या नमुन्याची दखल चांगली घेतली जाते. पक्ष्यांसाठी मात्र शिरवळच्या किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेणे बरे, कारण शेळ्या-गाई पाहणाऱ्या हातांना ३५ ग्रॅमचा पक्षी क्वचितच हाताळायला मिळतो.

वेळापत्रक असे ठेवावे. या आठवड्यात शेळ्यांना कोणतेही औषध न देता पापण्या पाहाव्यात. एखादीची पापणी पांढरीफटक असेल तर तिचा नमुना आधी घेऊन तिला लगेच डॉक्टरांना दाखवावे, तिच्यासाठी थांबू नये. इतरांचे नमुने दुसऱ्या मात्रेला १४ दिवस पूर्ण झाल्यावर, दोन्ही पद्धतींनी तपासायला द्यावेत. तोपर्यंत कळप कालव्याच्या काठापासून दूर ठेवावा, काठचे गवत कापून आणले तर ते कडक वाळवूनच घालावे.

नव्या जोडीविषयी माझे मत स्पष्ट आहे: सध्या आणू नये. उरलेल्या सहा पक्ष्यांचे निदान आणि उपचार आधी पूर्ण व्हावेत. त्यानंतर आणाल तेव्हाही ती जोडी दुसऱ्या खोलीत, वेगळ्या वाटीने, किमान ४० दिवस ठेवावी आणि तिची विष्ठा एकदा तपासून घ्यावी. मुलाला एक काम मात्र आजपासून द्यावे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घेऊन, दर रविवारी सकाळी दाणे घालण्यापूर्वी प्रत्येक पक्षी लहान डब्यात ठेवून तोलावा आणि वहीत लिहावा. पिसांमुळे वाळलेला पक्षीही गुटगुटीत दिसतो. ३६ चा ३२ झाला, हे त्या वहीत डोळ्यांआधी कळेल, आणि औंधला किंवा शिरवळला जाताना ती वही बरोबर न्यावी.